पुरात बुडालेली पद्मिनी घरच्या शेडमध्ये दुरुस्त करून पुन्हा उभी करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात आजोबांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. २०१२ साली आजोबा गेले, तेव्हापासून ती चालवलेली नाही. २०१९च्या महापुरात शेडमध्ये सीटपर्यंत पाणी होतं. पाणी ओसरल्यावर घरच्यांनी गाडी पाइप लावून धुतली आणि ताडपत्री टाकून ठेवली. आता नातवाला ती सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हातानं नीट करायची आहे. त्याचे प्रश्न चार: नवी बॅटरी लावून सेल्फ मारून बघू का? जुनं इंजिन काढून मारुतीचं बसवू का? खर्च किती येईल? आणि पुढच्या चैत्रात आजीला बसवून जोतिबाला नेता येईल का?

पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण तुम्ही कदाचित याच रविवारी बॅटरी आणाल. सेल्फ मारू नका. सीटपर्यंत पाणी होतं म्हणजे गिअरबॉक्स, मागचं डिफरन्शियल, स्टार्टर, चारही चाकांची बेअरिंगं आणि इंजिनची चेंबर (खालचं तेलाचं भांडं) हे सगळं पाण्याखाली होतं. गाडीखाली परात ठेवा आणि चेंबरचा ड्रेन नट हळूहळू सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसलेलं असतं. आधी गढूळ पाणी येईल, मग साय घातलेल्या चहाच्या रंगाचा चिकट थर आणि शेवटी काळं तेल. परातीतलं पाणी ओतून तळाला बोट फिरवा. टाल्कम पावडरीसारखी बारीक माती बोटाला लागेल. पंचगंगा-कृष्णेचा गाळ तो. अशा स्थितीत इंजिन फिरवलं, तर ऑइल पंप हीच माती क्रँकच्या बेअरिंगांत नेऊन घालतो आणि दुरुस्त होण्यासारखं इंजिन पाच मिनिटांत भंगारात जातं.

आता मुख्य गोष्ट. तुमचे चारही प्रश्न इंजिन आणि पैशाभोवती फिरतात, पत्र्याबद्दल एक शब्द नाही. मी तीसेक वर्षं कोल्हापुरात घरामागच्या शेडमध्ये जुन्या गाड्या दुरुस्त करून पुन्हा उभ्या करतोय. अर्ध्यावर सोडलेल्या जेवढ्या गाड्या माझ्याकडे आल्या, त्यांतल्या बहुतेकांचं इंजिन नीट झालेलं होतं. माणसानं हौसेनं आधी इंजिन केलं, पैसे त्यात घातले, मग खाली वाकून पाहिलं आणि हात टेकले. पद्मिनीला जीप किंवा ट्रकसारखी वेगळी चासी नसते. फ्लोअर, दारांखालच्या पोकळ पेट्या (त्यांना सिल म्हणतात), खांब आणि छप्पर मिळून जो सांगाडा होतो, तोच तिची चासी. सिल कुजली की गाडी मधून खचायला लागते. दार उघडायला हलकं, पण लावताना वर उचलावं लागतं, ही त्याची पहिली खूण. तुमच्या गाडीची चारही दारं आजच लावून बघा आणि दाराच्या कडेची फट वर किती, खाली किती, हे मोजून वहीत लिहा. या आकड्यांची पुढे फार गरज पडणार आहे.

मग एक चुंबक घ्या, मऊ फडक्यात गुंडाळा आणि सिलवरून, चाकांच्या कमानींवरून, दारांच्या खालच्या कडेवरून फिरवा. जिथे चुंबक धरत नाही, तिथे रंगाखाली पत्रा नाही, लांबी (भोकं बुजवायची पुटी) आहे. माझ्या पहिल्या पद्मिनीची डावी सिल दिसायला गुळगुळीत होती, रंगही चकचकीत. चुंबक घसरला म्हणून मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक हलकं टेकवलं, तर ते मुठीपर्यंत आत गेलं. लांबीचा बोटभर जाड पोपडा निघाला आणि मागे पत्र्याऐवजी कोंबलेलं तागाचं पोतं होतं. आधीच्या कुणीतरी भोकात पोतं भरून वर लांबी थापली होती. पोत्यानं प्रत्येक पावसाळ्यात पाणी धरून ठेवलं आणि आतली मधली पट्टीही खाल्ली. म्हणून सांगतो, टोचून बघायला घाबरू नका. टोचल्यावर पडलेलं भोक तुम्ही पाडलेलं नसतं, ते आधीपासून तिथे असतं.

तुमच्या गाडीत पोत्याचं काम गाळानं केलेलं असणार. बाहेरून धुतलेली गाडी आतून धुतली जात नाही. सिलच्या तळाला, दारांच्या तळाला पाणी निघायला छोटी भोकं असतात, ती गाळानं बुजतात. दारांचे आतले पुठ्ठे काढा, मॅट आणि खालचा नमदा काढून फेकून द्या, सीटं बाहेर काढा. मोबाइलला जोडायचा बारीक वायरचा कॅमेरा स्वस्तात मिळतो, तो सिलच्या भोकातून आत घाला. गाळाचा थर दिसला, तर भोकं तारेनं मोकळी करून पाण्याच्या जोरानं धुवा, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत. त्यानंतर चार-पाच दिवस कडक उन्हात, सगळी दारं उघडी ठेवून वाळू द्या. कोरडं झाल्याशिवाय गंज किती खोल आहे हे कळत नाही.

कापण्याची वेळ आली की एक नियम जिवापाड पाळा: दोन्ही बाजूंच्या सिल एकाच वेळी कापायच्या नाहीत. गाडी सपाट जमिनीवर, भक्कम घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीही जाऊ नका, विटांच्या थरावर तर नाहीच. दाराच्या पोकळीत पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत लोखंडी चौकोनी पाइप तात्पुरता वेल्ड करून घ्या. मग कुजलेला तुकडा कापा, नवा बसवा, आणि शेवटचा टाका घालण्याआधी दार लावून वहीतल्या फटीशी ताडून बघा. ही ताडणी चुकवलेली एक गाडी माझ्याकडे आली होती. तिचं मागचं दार पुढे कधीच नीट बसलं नाही, सगळं काम पुन्हा कापावं लागलं.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) घ्या. बाहेरच्या भागांना २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, फ्लोअर आणि सिलला १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर. छपराचा जीआय (जस्त चढवलेला) पत्रा घरात पडलेला असला तरी वापरू नका. वेल्डिंग करताना त्यावरच्या जस्ताचा धूर होतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगला मिग मशीन (रॉडऐवजी बारीक तारेनं वेल्ड करणारं) हवं, ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार. जाड रॉडचं आर्क या पत्र्याला भोकं पाडतं. सलग रेघ ओढू नका. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मग हात लावता येईल इतकं गार होऊ द्या. घाई केली की पत्रा पापडासारखा वळतो आणि मग लांबीच लागते.

वेल्डिंगपूर्वी बॅटरी काढलेली हवी, पेट्रोलची टाकी गाडीतून उतरवून शेडबाहेर ठेवलेली हवी आणि सीटं बाहेर हवीत. पद्मिनीच्या सीटांत काथ्या असतो. त्यात ठिणगी शिरली की धूर तासाभरानं दिसतो, तोवर आतून निखारा झालेला असतो. काम थांबवल्यावर अर्धा तास शेड सोडून जाऊ नका. पावडरचं आग विझवायचं सिलिंडर दाराजवळ टांगा, गाडीपलीकडे नको.

सुट्या भागांच्या गंजासाठी तुमच्या भागात एक फार चांगली गोष्ट आहे: मळी, म्हणजे मोलॅसिस. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात राहताय, जनावरांच्या खाद्यासाठी मळी विकणारा तुम्हाला सापडेलच. प्लास्टिकच्या पिंपात एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी घाला. बॉनेटच्या बिजागऱ्या, ब्रॅकेट, ब्रेकच्या मागच्या प्लेटा, ओतीव लोखंडाचे ब्रेक ड्रम त्यात बुडवून दोन आठवडे विसरून जा. मळी गंज सोडवून स्वतःत ओढून घेते आणि चांगलं लोखंड जवळजवळ सोडून देते. ॲसिडसारखी ती पत्रा पातळ करत नाही. बाहेर काढल्यावर भाग राखाडी, स्वच्छ दिसतो. लगेच धुवा, उन्हात किंवा हीटरसमोर वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होतो. ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग त्या पिंपात टाकू नका, तो खाल्ला जातो. कार्ब्युरेटर तर अजिबात नाही. वास उग्र येतो आणि माश्या-मुंग्या जमतात, म्हणून पिंप झाकून घरापासून लांब ठेवा.

इंजिनकडे येऊ. चारही प्लग काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल आणि डिझेलचं मिश्रण सोडा. आठवडाभर रोज थोडं थोडं घालत राहा. मग गिअर न्यूट्रलला ठेवून पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावा आणि किंचित पुढे, किंचित मागे, असं हलवून बघा. हललं तर आनंद आहे, नाही हललं तर जोर लावू नका, हेड (सिलिंडरांवरचं झाकण) काढा. तुमच्या बाबतीत हललं तरी हेड आणि चेंबर उघडायचेच आहेत. १०८९ सीसीचं हे इंजिन, बोअर ६८ आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर, शिकायला याहून सोपं सापडणार नाही. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू इतकी वर्षं पाण्यात एकत्र राहिले की हेड स्टडांना (ते बसवायच्या उभ्या बोल्टना) घट्ट धरून बसतं. फटीत छिन्नी घालून उचकटू नका, हेडच्या तोंडाला कायमची खाच पडते. स्टडच्या भोवती गंज सोडवणारं तेल रोज सोडत राहा आणि लाकडी ठोकळा ठेवून चारही बाजूंनी हलकं ठोका. मला एका हेडला अकरा दिवस लागले होते.

हेड निघालं की ते आणि ब्लॉक घेऊन कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात या. फेसिंग (हेडचं तोंड सपाट करणं), बोअर, क्रँक घासणं ही कामं घरी होत नाहीत आणि तिथे ती करणारे हात पिढ्यान् पिढ्यांचे आहेत. एक काम मात्र आवर्जून सांगा: एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा (व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो त्या कड्या) टणक धातूच्या बसवून द्या. ही इंजिनं शिसं असलेल्या पेट्रोलच्या जमान्यातली आहेत. ते शिसं सीटांना गादीसारखं वाचवायचं. २०००च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसं नसलेलंच पेट्रोल मिळतं, त्यामुळे जुन्या सीटा हळूहळू खचतात आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली बारीक फट, पुन्हा पुन्हा घट्ट होतात. आता २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची आणखी एक भर पडली आहे. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि हवेतला ओलावा ओढून टाकीत पाणी साठवतं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारा घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी भरलेली ठेवा, अर्धी नको.

मारुतीचं इंजिन बसवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. माउंटिंग, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, रेडिएटर, सगळं कापून जुळवावं लागतं आणि वर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते. शिवाय गरजच नाही. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत धंद्यावर होती. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली आणि तिथल्या वीस वर्षांच्या मर्यादेमुळे बंद झाली. एवढी वर्षं हजारो टॅक्सी फिरल्या, म्हणून पिस्टन, रिंगा, वॉटर पंप, क्लच प्लेट, किंग पिन हे आजही मिळतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन दिवस पायी फिरलात तर यादीतला बराच भाग घेऊन याल. त्याच कुर्ल्यात या गाड्या बनल्या. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथेच होता. दुकानात मात्र नुसतं ‘फियाटचं द्या’ म्हणू नका. त्याआधीच्या फियाट अकराशेला आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणतात. तिची पुढची दारं उलटी उघडतात आणि बॉडीचे भाग तुमच्या गाडीला बसत नाहीत. ‘पद्मिनी, ८४चं मॉडेल’ असं सांगा आणि जुना भाग हातात घेऊन जा. बंपर, क्रोमच्या पट्ट्या, मीटरची काच, काचेभोवतीची चांगल्या प्रतीची रबरं यांना खरी टंचाई आहे. म्हणून तुमच्याकडची एकही पट्टी फेकू नका, वाकलेली असली तरी.

ब्रेकमध्ये काटकसर शून्य. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे व्हील सिलिंडर, रबरी होज आणि लोखंडी पाइप सगळे नवे घाला, जुने चांगले दिसले तरी. पुराचं पाणी ब्रेक ऑइलमध्ये मिसळलं की सिलिंडर आतून खाल्ले जातात आणि बाहेरून काही दिसत नाही. जुन्या फियाटांत चारही चाकांना मिळून ब्रेकची एकच लाइन असते. एक होज फुटला की पायडल जमिनीला टेकतं आणि एकही चाक थांबत नाही. ड्रम उघडताना आतली धूळ फुंकू नका आणि हवेच्या पाइपानं उडवूही नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल काढलं की पुन्हा गढूळ पाणीच निघेल. दोन्ही उघडून बेअरिंगं डोळ्यांनी बघितल्याशिवाय नवं तेल भरू नका.

वायरिंग सगळं नवं. पुरात बुडालेल्या वायरीचं तांबं आवरणाखाली काळं पडतं आणि त्यावर सोल्डर धरत नाही. जुनं हार्नेस (वायरींचा जुडगा) न कापता अख्खं बाहेर काढा, जमिनीवर पसरा आणि त्यावरच नवं, त्याच रंगांच्या वायरींचं विणा. हेडलाइटना रिले (मोठा करंट स्वतः नेणारा छोटा विजेचा स्विच) घाला, जुन्या स्विचमधून सगळा करंट नेऊ नका.

रंगाबद्दल थोडक्यात. आजचा टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा) रंग घरच्या शेडमध्ये स्प्रे करू नका. त्यातलं आयसोसायनेट साध्या मास्कमधून आत जातं आणि दम्यासारखा त्रास कायमचा मागे लावतं. पत्र्याचं काम आणि प्रायमर तुम्ही करा, वरचा रंग बूथ असलेल्या पेंटरकडून मारून घ्या. प्रायमर इपॉक्सीचा हवा. साधा रेड ऑक्साइड स्पंजासारखा ओलावा पितो, तो मारून पावसाळा काढला की खालून पुन्हा गंज सुरू. म्हणून दसऱ्याला काम सुरू करा, थंडी-उन्हाळ्यात पत्रा संपवा आणि जूनच्या आत सगळं इपॉक्सीखाली आणा. सिलच्या आत शेवटी मेणाचं गंजरोधक सोडा आणि खालची भोकं उघडी राहिली आहेत ना, ते तारेनं पुन्हा तपासा.

खर्चाचा आकडा न बघता सांगणं म्हणजे तुम्हाला फसवणं होईल. इतकं नक्की, की पत्र्याचं काम स्वतः केलंत तर सर्वांत मोठी मजुरी वाचते, आणि तरीही एकूण खर्च त्या गाडीच्या बाजारभावापेक्षा वर जाईल. भाग, लेथचं काम, रंग, टायर, कागदपत्रं अशी यादी करून बेरीज काढा आणि त्याच्या निम्मे पैसे वेगळे ठेवा. पुरातल्या गाडीला ते लागतातच.

पैसे घालण्यापूर्वी आरसी बुक शोधा. गाडी आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, आणि पंधरा वर्षं उलटल्यामुळे नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५ लागतो. शिवाय पर्यावरण कर आहे. गाडी १९८४ची, म्हणजे पन्नास वर्षांवरच्या विंटेज गाड्यांसाठीचे २०२१चे नियम तिला अजून लागू नाहीत, कुणी तसं सांगून पैसे मागितले तर देऊ नका. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी जुळतात का, हे गंज घासण्यापूर्वी बघा. नंबर कोरलेल्या जागी ग्राइंडर लावायचा नाही, तिथे नुसतं फडकं आणि तेल.

राहिला जोतिबा. पुढच्या चैत्रात होणार नाही. दसऱ्याला सुरुवात केलीत आणि प्रत्येक रविवार दिलात, तर त्यापुढच्या चैत्राचा विचार करा. तेव्हाही थेट डोंगराला लावू नका. आधी गावाभोवती पाचशे किलोमीटर चालवा, तेल बदला, हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपासा, प्रत्येक फेरीनंतर ड्रमला हात लावून चारही चाकं सारखीच गरम आहेत का ते बघा. आजीला यात्रेच्या दिवशी नेऊ नका. त्या गर्दीत गाडी तासन् तास पहिल्या गिअरमध्ये राहील आणि पाणी उकळेल. पौर्णिमा झाल्यावर एखाद्या साध्या दिवशी सकाळी लवकर निघा. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सलग दाबून धरू नका, दाबा आणि सोडा. ड्रम तापले तर वळणावरच्या मोकळ्या जागेत वीस मिनिटं थांबा, चाकांवर पाणी मात्र ओतू नका.